गर्ग्यांची बारमाही सून

"हात पुढे करा," सासूबाई म्हणाल्या, आणि स्वयंपाकघरात ओळीनं उभ्या असलेल्या आम्ही चौघींनी, म्हणजे मदतीला येणाऱ्या तिघी आणि मी, तीर्थाला करावा तसा उजवा हात पुढे केला.

दुसऱ्या दिवसापासून पितृपंधरवडा लागणार होता. सासूबाईंच्या एका हातात गुळाच्या खड्यांची वाटी होती आणि दुसऱ्या हातात पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांची पाकिटं.

"मंदे, तुझी कधी?"

"नवमीच्या आसपास, काकू."

"मग आजपासूनच सुरू कर. बेबी, तुझी?"

"माझी परवाच होऊन गेली की."

"तरी घे. तुझा काही भरवसा नाही. गेल्या वर्षी ऐन द्वादशीला दगा दिलास."

बेबीवहिनींनी गोळ्या घेतल्या, गूळ तोंडात टाकला. तिसऱ्या कमलताई पन्नाशीच्या पुढच्या, पण त्यांनाही एक पाकीट मिळालं. सासूबाई शेवटी माझ्यासमोर आल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"तुला नुसता गूळ गं, वृंदा. तुझी सोय देवानंच करून ठेवलीय."

आमचं घर नाशकात, पंचवटीत. गर्ग्यांच्या घरी सोवळ्यातला स्वयंपाक करून मिळतो, ही माझ्या आजेसासूबाईंपासूनची ख्याती. बाहेरगावचे यजमान श्राद्धाला नाशकात आले की जेवणाची पंगत आमच्या पडवीत बसायची. एरवी आठवड्यातून दोन-चार पंगती, पण पितृपंधरवड्यात श्वास घ्यायला फुरसत नसायची. आणि या सगळ्या कारभाराला एकच ग्रहण होतं, ते म्हणजे बायकांचे चार दिवस. ज्या बाईला अडचण यायची ती उठून थेट मागच्या खोलीत जायची. तिनं काही शिवायचं नाही, आणि शिवलंच तर ते पंगतीत वाढायचं नाही. भरल्या पंगतीच्या वेळी मंदाताई एकदा अशा उठून गेल्या, तर सासूबाई त्यांच्याशी महिनाभर बोलल्या नव्हत्या.

अशा घरात मी सून म्हणून आले, आणि मला पाळीच यायची नाही.

म्हणजे अगदीच नाही असं नाही. वर्षातून एखादवेळी यायची, तीही चोरासारखी, पंगत नसेल तेव्हा. पहिल्या वेळी चार महिने उलटले तेव्हा सासूबाईंनी आनंदानं डिंकाचे लाडू वळले. मी ते चाटूनपुसून खाल्ले. तपासणी केली तर पोटात काही नव्हतं, लाडू तेवढे अंगाला लागले. सासूबाई दोन दिवस हिरमुसल्या, पण तिसऱ्या दिवशी त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. "अगं, म्हणजे तू बाराही महिने सोवळ्यात!" त्या म्हणाल्या. मूल काय, होईल. पितरांची एवढी सेवा करतेय पोरगी, तेच देतील. आणि तेव्हापासून गर्ग्यांची बारमाही सून म्हणून माझं नाव सगळ्या आळीत झालं. लोक मला नवरात्रात सवाष्ण म्हणून उसनी मागून न्यायचे. "हिचं काही अचानक व्हायचं नाही," असं सासूबाई खात्रीनं सांगायच्या, जशी काही मी चांगल्या कंपनीची शेगडी होते.

खरं सांगू? मला त्या मागच्या खोलीचा भयंकर हेवा वाटायचा. खोलीला खिडकी होती, खिडकीत पेरूचं झाड होतं. बाजूला बसलेल्या बाईला तिथं आयतं ताट मिळायचं. बेबीवहिनी तिथं बसून विणकाम करत, मंदाताई दुपारची गाढ झोप काढत आणि दोघी मिळून बसल्या की हसण्याचा असा आवाज यायचा की मी वड्यांचं पीठ फेटता फेटता दात खायची. दोन वर्षांत मला त्या खोलीत कितीदा बसायला मिळालं असेल? दोनदा.

पण हेवा हा वरवरचा. आत मला भीती वाटत होती. वजन वाढत चाललं होतं, तोंडावर पुटकुळ्या उठत होत्या, आणि हनुवटीवर केस यायला लागले होते, राठ आणि काळे. मी ते आरशासमोर चिमट्यानं उपटायची आणि कुणाला बोलायची नाही. श्रावणात एकदा पंगतीत पंचामृत वाढत होते. यजमानांची एवढीशी नात माझ्याकडे निरखून बघत होती. ती मोठ्यानं म्हणाली, "आजी, या मावशींना दाढी आहे."

अख्खी पंगत मान खाली घालून पानातली कोशिंबीर बघायला लागली. मी वाढतच राहिले, दुसरं काय करणार? पंगत उठल्यावर वर खोलीत गेले आणि उशीत तोंड खुपसून रडले. आमचे हे, म्हणजे विनायक, दारात उभे राहून म्हणाले, "अगं, लहान पोर ते. चष्मा लागला असेल तिला."

"मला डॉक्टरकडे न्या," मी म्हटलं.

"आईला काय सांगायचं?"

"सांगा दात दुखतोय."

डॉक्टर सरोज बोथरा म्हणजे तोंडानं फटकळ बाई. त्यांनी माझी सोनोग्राफी केली, रक्त तपासलं आणि चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या, "तुझ्या अंडाशयात बी पिकत नाही वेळेवर. अर्धवट राहिलेली बारीक बारीक बिजं मण्यांसारखी जमून बसलीत. म्हणून पाळी नाही, म्हणून वजन, म्हणून केस. शरीरातल्या रसांचं गणित बिघडलंय."

"म्हणजे मी बाई नाही का पूर्ण?" मी विचारलं. कित्येक महिने हा प्रश्न मी मनातच ठेवला होता.

"मूर्ख आहेस का? शंभर टक्के बाई आहेस. माझ्या बाकड्यावर बाहेर बसल्यात ना, त्यातल्या निम्म्या याच तक्रारीच्या." त्यांनी चिठ्ठी लिहिली. "ही गोळी दहा दिवस घ्यायची, मग बंद. बंद केल्यावर आठवड्याभरात पाळी यायला हवी. आली तर पुढचं औषध सोपं, मूल व्हायलाही अडचण नाही. नाहीच आली तर मात्र मुंबईला जाऊन आणखी तपासण्या. मग मला काळजी वाटेल."

घरी येताना स्कूटरवर मी ह्यांचा शर्ट घट्ट धरून बसले होते. मला फक्त पाळी हवी होती. जगातल्या बायका जिला शिव्या घालतात, ती मला यावी म्हणून मी रामाला नवस बोलले. आता रामाला अशा बाबतीत कितपत समजतं कोण जाणे.

प्रतिपदेपासून मी गोळी सुरू केली. पाकीट साड्यांच्या घडीखाली ठेवलं होतं. दुसऱ्याच दिवशी सासूबाई माझी धूतवस्त्रं काढायला वर गेल्या आणि हातात पाकीट नाचवत खाली आल्या.

"वृंदे! हे काय?"

"आई, ते... म्हणजे..."

"अगं, या तर आपल्याच गोळ्या!" त्यांनी पाकीट पुन्हा पुन्हा निरखलं. "तेच नाव, तोच रंग! तुला गरज नसताना स्वतः जाऊन आणल्यास? पंधरवड्यात काही विघ्न नको म्हणून?" त्यांचे डोळे भरून आले. "मंदे, बेबी, बघा गं, याला म्हणतात सून!"

दुसऱ्या दिवशी ह्यांना डॉक्टरांच्या दवाखान्यात पिटाळलं, तेव्हा उलगडा झाला. गोळी खरोखरच तीच होती. ती चालू असेपर्यंत पाळी थांबून राहते आणि बंद केली की येते. मंदाताईंनी ती थांबवायला घ्यायची आणि मी आणायला. सासूबाईंना तिची पहिलीच बाजू ठाऊक होती.

मी म्हटलं, बरंच झालं. उघड उघड घेता येईल. पण सासूबाई आता स्वतःच्या हातानं रोज सकाळी मला दुधाबरोबर गोळी देऊ लागल्या, वर पाठीवरून हात फिरवायच्या. दहा दिवस झाले, माझं पाकीट संपलं. अकराव्या सकाळी दूध पुढे आलं आणि त्याबरोबर सासूबाईंच्या साठ्यातली गोळी.

"आता नको, आई."

"नको कसं? अजून अमावास्या आहे. सर्वपित्रीची मोठी पंगत आहे."

"डॉक्टरांनी दहाच सांगितल्यात."

"कुठले डॉक्टर? दाताचे?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सगळं सांगून टाकलं. सोनोग्राफी, मण्यांसारखी बिजं, गोळी बंद करून पाळी आणायची, सगळं. बोलताना माझा आवाज चढला. मंदाताई कारली चिरायची थांबल्या. सासूबाईंच्या हातातला दुधाचा पेला तसाच राहिला.

"म्हणजे," त्या सावकाश म्हणाल्या, "तू ऐन पंधरवड्यात मुद्दाम अडचण आणतेयस?"

"हो!"

"माझ्या घरात? सर्वपित्रीला? अगं, तुला वेडबिड लागलंय का? आणायचीच तर दसऱ्यानंतर आण!"

"दसऱ्यानंतर दिवाळी येईल, मग तुळशीचं लग्न, मग मार्गशीर्षातले गुरुवार. माझ्या पाळीला तुमच्या पंचांगात मुहूर्तच नाही, आई!"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे वर्तमानपत्र इतकं जवळ धरून वाचत होते की नाकाला शाई लागावी.

सासूबाईंनी पेला खाली ठेवला. "चल," त्या म्हणाल्या. "कोण ती डॉक्टरीण, बघतेच मी तिच्याकडे."

दवाखान्यात त्या नऊवारीचा काष्टा आवळून, गोळ्यांची पाकिटं पुराव्यादाखल पिशवीत घेऊन शिरल्या. डॉक्टर म्हणाल्या, "बसा."

"बसणार नाही. माझं सोवळं आहे. तुम्ही माझ्या चांगल्या सुनेचं काय बिघडवायला घेतलंय?"

"तिचं आधीच बिघडलंय. मी दुरुस्त करतेय."

"अहो, दोन वर्षांत दोनदा बाजूला बसलीय ती! असं नशीब लाखात एकीचं असतं."

"ते नशीब नाही हो, आजार आहे. तुम्ही स्वयंपाकातल्या ना? मग मला सांगा, दुधाच्या पातेल्याला आतून जो थर धरतो, तो घासून काढायचाच नाही, रोज त्याच पातेल्यात नवं दूध ओतून तापवायचं. सहा महिने असं केलं तर?"

"शी!" सासूबाईंनी नाकाला पदर लावला. "सहा महिने? अहो, सहा दिवसांत वास मारेल. पातेलं कामातून जाईल."

"हिच्या पिशवीच्या आत असाच थर साठतोय. दर महिन्याला तो झडून जायला हवा, त्यालाच तुम्ही अडचण म्हणता. वर्षानुवर्षं साठला तर त्यातून उद्या भलतंसलतं दुखणं उभं राहू शकतं. आणि बी पिकत नाही तोवर मूल कसं होणार? पितर पाठवणार का टपालानं?"

सासूबाई बसल्या. सोवळ्यासकट, दवाखान्याच्या खुर्चीत. मी दोन वर्षांत त्यांना बाहेर कुठं असं बसलेलं पाहिलं नव्हतं.

"आणि त्या पिशवीत काय आहे?" डॉक्टरांनी विचारलं. पाकिटं टेबलावर आल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला. "या तुम्ही वाटता? न विचारता? एखादीचं रक्त साकळलं म्हणजे कोण निस्तरणार? आजपासून हे बंद."

एरवी अशा बोलण्यावर सासूबाईंनी दवाखाना डोक्यावर घेतला असता. आज त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "हे असं पूर्वीही असायचं का हो बायकांना?"

"पूर्वीच्या बायका काय दगडाच्या होत्या? असणारच."

"मला विनूनंतर अशीच यायची. वर्षाकाठी एकदा, कधी तीही नाही. आमच्या सासूबाई म्हणायच्या, गोदे, तुझ्यावर पितरांची कृपा आहे. चुलीपासून हलू दिलं नाही त्यांनी मला. मलाही वाटायचं, खरंच कृपा असेल."

"तेव्हा वय काय तुमचं?"

"बाविसावं." सासूबाईंनी वर बघितलं. "मला एक मुलगी हवी होती. तेव्हा होतं का हो औषध?"

डॉक्टरांचा फटकळपणा कुठल्या कुठे गेला. "थोडंफार होतं," त्या म्हणाल्या. "पण कुणी घेऊन यायला हवं होतं तुम्हाला."

सासूबाईंनी मान डोलावली, पाकिटं तिथंच टेबलावर सोडली आणि उठल्या. परतताना रिक्षात त्या बाहेर बघत होत्या. मी त्यांचा हात धरावा की धरू नये, सोवळ्याचं काय, या विचारात असतानाच त्या रिक्षावाल्यावर ओरडल्या, "हळू चालव रे! सून आहे बरोबर!"

आणि मग घरात जे सुरू झालं त्याला तोड नाही. दोन वर्षं जी येऊ नये म्हणून सासूबाई देवापुढे दिवा लावायच्या, ती यावी म्हणून त्या जिवाचं रान करू लागल्या. कुणी सांगितलं तीळ, तर मला उठता-बसता तिळाचा लाडू. कुणी सांगितलं पपई, तर सकाळी पपई. पितरांना वाढलेल्या प्रत्येक पानापुढे त्या हात जोडून पुटपुटायच्या. यजमानांना वाटायचं, काकू आपल्या आजोबांसाठी प्रार्थना करतायत, आणि ते गहिवरून जायचे.

शिवाय दर तासाला आरोळी. "वृंदा, आली का गं?"

"नाही, आई."

हे सगळं भर पडवीत, गुरुजी संकल्प सांगत असताना. एका यजमानानं विचारलं, "कुणाची वाट बघताय का, काकू?" सासूबाई म्हणाल्या, "हो ना, फार दिवसांनी येणारेय."

बायका हसायच्या, मीही हसायची. पण दिवस सरत होते तसं माझं हसणं आटत चाललं होतं. आठवडा संपला आणि नाहीच आली तर? मुंबईच्या त्या तपासण्या काय असतील? सकाळी उठले की आधी धावत न्हाणीघरात जायची आणि तोंड पाडून परत यायची. सासूबाई जिन्याखाली उभ्या असायच्या. माझा चेहरा बघून त्या विचारायच्याही नाहीत, नुसतं म्हणायच्या, "उद्या बघू."

सर्वपित्री अमावास्या उजाडली. पडवी भरली होती. यजमान मोठे, त्यांचं सगळं गणगोत आलं होतं. गुरुजींनी दर्भ मांडले, पानं मांडली. आत अळूची भाजी, कारलं, आमसुलाची चटणी, वडे तळणीतून निघत होते, आणि मी शेगडीपाशी तांदळाच्या खिरीचं भलंमोठं पातेलं ढवळत होते. ढवळता ढवळता कंबरेतून एक कळ आली. मला वाटलं, उभं राहून राहून आली असेल. मग दुसरी आली, ओटीपोटातून. मी डाव बेबीवहिनींच्या हातात कोंबला आणि न्हाणीघराकडे पळाले.

तिथं एकटी उभी राहून मी आधी हसले. मग भिंतीला डोकं टेकून ओक्साबोक्शी रडले. बाहेर मंत्र चालू होते आणि आत मी, केस विस्कटलेली, हनुवटीवर राठ केस असलेली, शंभर टक्के बाई.

परत आले ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीच थांबले.

"आई."

"अगं, तिथं काय उभी? खीर खाली लागेल."

"आई, मला अडचण आली."

झारा कढईत तसाच राहिला. मंदाताईंनी तोंडावर हात ठेवला. सासूबाई वळल्या. "खरंच?"

"खरंच."

त्या माझ्याकडे धावल्या. माझ्यापासून हातभर अंतरावर आल्यावर सवयीनं थांबल्या, दोन्ही हात हवेतच. क्षणभर त्या तशाच उभ्या होत्या. मग त्यांनी मला मिठी मारली. अशी घट्ट मारली की माझा श्वास कोंडला.

"काकू!" मंदाताई किंचाळल्या. "तुम्ही शिवलात!"

"शिवले तर शिवले," सासूबाई माझ्या खांद्यावरून म्हणाल्या. त्यांचा आवाज ओला होता. "आंघोळ करून येते. पाणी काय आटलंय का गोदेचं?"

"आणि खीर? ती हिनं ढवळलीय."

सासूबाईंनी पातेल्याकडे बघितलं. धर्म म्हणजे धर्म, तिथं त्या तडजोड करणाऱ्या नव्हत्या. "ती पितरांना चालायची नाही," त्या म्हणाल्या. "ती सगळी हिची. दुसरी टाक."

"अख्खं पातेलं?"

"अख्खं. पोर दमलीय."

त्यांनी मला हाताला धरून मागच्या खोलीत नेलं, सतरंजी घातली, केळीचं पान मांडलं. पानावर अळू, कारलं, चटणी, गरम वडे आले आणि वाटीऐवजी मोठं वाडगंभर खीर. पितरांचं पान अजून रिकामं होतं आणि माझं भरलं होतं. गर्ग्यांच्या घरात असं कधी घडलं नव्हतं. मी म्हटलं, "आई, आधी त्यांना तरी वाढा."

तेवढ्यात पडवीतून गुरुजींची हाक आली. "काकू, आटपा! पितर ताटकळलेत!"

सासूबाईंनी माझ्या खिरीवर चमचाभर तूप सोडलं, आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडून सांगितलं, "थांबू देत, गुरुजी! ते मेलेत, त्यांना कसली घाई? माझी सून जेवतेय."